दीर्घकालीन हवामान धोरणासाठी बाहेरची मदत: काय मिळते, काय मागावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पॅरिस करार प्रत्येक देशाकडून शतकाच्या मध्यापर्यंतच्या हवामान धोरणाची अपेक्षा करतो, ज्या देशांकडे त्यासाठी पुरेशी माणसे, आकडेवारी आणि पैसा नाही त्यांना कोणती आंतरराष्ट्रीय मदत मिळते, ती कशी मागावी, आणि तिचा खरोखर उपयोग होतो का? ऊर्जा आणि उत्सर्जनाची दीर्घ मुदतीची गणिते मांडण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, कधी मदत देणाऱ्यांच्या बाजूने तर कधी मंत्रालयाच्या बाजूने बसून. त्यामुळे पुढील उत्तरात माहितीबरोबर माझी मतेही आहेत, आणि ती मते म्हणूनच वाचावीत.

आधी करारात काय आहे ते पाहू. या धोरणाचा उल्लेख कलम ४ च्या १९ व्या परिच्छेदात येतो आणि तेथील भाषा सौम्य आहे: सर्व देशांनी कमी उत्सर्जनाची दीर्घकालीन विकास धोरणे आखून ती कळवण्यासाठी प्रयत्नशील राहावे, एवढेच तो परिच्छेद सांगतो. एनडीसी, म्हणजे राष्ट्रीय पातळीवर निश्चित केलेले योगदान, दर पाच वर्षांनी सादर करणे बंधनकारक आहे. दीर्घकालीन धोरणाला तसे बंधन नाही. करारासोबत डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या निर्णयाने २०२० पर्यंत ही धोरणे पाठवण्याचे निमंत्रण दिले होते, पण ती मुदत उलटली तेव्हा बहुसंख्य देशांकडून काहीच आलेले नव्हते. २०२१ मध्ये ग्लासगो येथे उरलेल्यांना पुन्हा आग्रह करण्यात आला. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेल्या पहिल्या एकत्रित अहवालात ६२ पक्षांच्या, म्हणजे करारात सामील झालेल्या सदस्यांच्या, धोरणांचा समावेश होता, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात तो आकडा ७५ झाला. करारातील पक्षांची संख्या १९० च्या वर आहे हे लक्षात घेतले तर मागे राहिलेल्यांची रांग किती लांब होती ते कळते, आणि त्या रांगेत अर्थातच गरीब आणि लहान देश अधिक होते.

मदतीच्या बाजूने पाहिले तर याच कलमाचा पाचवा परिच्छेद अधिक कामाचा आहे, कारण कलम ४ च्या अंमलबजावणीसाठी विकसनशील देशांना पाठबळ दिले जाईल असे तो स्पष्ट म्हणतो, आणि दीर्घकालीन धोरण हे त्याच कलमात बसते. वाटाघाटीत हा मुद्दा फार कमी वेळा पुढे केला जातो, याचे मला नेहमी नवल वाटते. मात्र केवळ या कामासाठी वेगळा निधी करारात उभारलेला नाही. मदत वेगवेगळ्या खिशांतून येते आणि प्रत्येक खिशाची शिवण निराळी असते.

विकसनशील देशांसाठीच्या ग्रीन क्लायमेट फंडाचा (मुख्यालय दक्षिण कोरियातील सोंगदो) पूर्वतयारी कार्यक्रम हा त्यांपैकी सर्वांत सरळ मार्ग. त्यातून मंत्रालयाची क्षमता वाढवण्यासाठी आणि धोरणे आखण्यासाठी अनुदान मिळते. बराच काळ त्याची मर्यादा एका देशाला वर्षाला दहा लाख डॉलर अशी होती. उत्सर्जनाच्या मोजणीची यंत्रणा उभी करायची असेल तर जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीमार्फत चालणारा पारदर्शकतेसाठीचा क्षमताबांधणी उपक्रम आहे, आणि धोरणाची सुरुवात अनेकदा तिथूनच करावी लागते, कारण आजचा आकडा ठाऊक नसलेल्याला २०५० चा आकडा ठरवता येत नाही. जर्मनीचा आंतरराष्ट्रीय हवामान उपक्रम २००८ पासून चालू आहे. फ्रान्सच्या विकास संस्थेने खास २०५० च्या धोरणांसाठी एक सुविधा सुरू केली. सोल येथील ग्लोबल ग्रीन ग्रोथ इन्स्टिट्यूट आपली माणसे थेट मंत्रालयात बसवते. जागतिक बँक २०२२ पासून देशनिहाय हवामान आणि विकास अहवाल काढते, त्यातील गुंतवणुकीचे अंदाज धोरणात वापरता येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये माराकेश येथील परिषदेत दोन मंच सुरू झाले: देशांच्या मागण्या आणि दात्यांचा पैसा यांची गाठ घालून देणारी एनडीसी पार्टनरशिप, आणि लॉरेन्स टुबियाना व हकिमा एल हैते यांनी पुढाकार घेतलेला २०५० पाथवेज प्लॅटफॉर्म, जो मुख्यतः पद्धत आणि इतर देशांचा अनुभव पुरवतो.

यादी येथेच थांबवतो, कारण कोणाकडे जावे हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. एखाद्या मध्यम आकाराच्या वीज केंद्राच्या तुलनेत धोरण तयार करण्याचा खर्च नगण्य असतो, आणि पत्र नीट लिहिले तर तेवढा पैसा मिळतो. घोडे अडते ते माणसांपाशी. हवामान विभागात बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन अधिकारी असतात. तेच एनडीसी लिहितात, तेच पारदर्शकता अहवाल, म्हणजे उत्सर्जन आणि प्रगतीचा हिशेब, लिहितात, तेच परिषदांना जातात आणि परतल्यावर तेच सल्लागारांच्या बैठकांचे इतिवृत्त तयार करतात. त्यांच्यावर चौथा प्रकल्प आणून ठेवला की दस्तऐवज तयार होतो, पण तो त्यांचा राहत नाही.

एक प्रसंग सांगतो. देशाचे आणि संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. एका मंत्रालयाने मला त्यांच्या प्रकाशित धोरणाचे आकडे नव्याने तपासायला बोलावले होते, कारण वीज मागणीचा अंदाज तीन वर्षांत पार चुकला होता. धोरणाची पुस्तिका देखणी होती, गुळगुळीत कागद, मंत्र्यांची प्रस्तावना, शेवटी आलेखांची पाने. मी मूळ गणिताची फाईल मागितली. अधिकाऱ्याने संगणकावर ती उघडली, तेव्हा पडद्यावर पासवर्डची चौकट आली. पासवर्ड सल्लागार कंपनीकडे होता, कंपनीचा करार संपला होता, आणि ज्या तरुणाने ते मॉडेल बांधले होते तो दुसऱ्याच क्षेत्रात नोकरीला लागला होता. शेवटी आम्ही पुस्तिकेतील आलेखांवर पट्टी ठेवून आकडे वाचले आणि वहीत लिहून काढले. स्वतःच्याच धोरणाचे आकडे पट्टीने मोजणारे ते अधिकारी मला अजून आठवतात. ते चिडलेले नव्हते, त्यांना असे होणे सवयीचे होते.

त्या वेळेपासून सल्लागाराच्या कामाची व्याप्ती ठरवणारा मसुदा हातात आला की मी पहिल्यांदा एकच कलम शोधतो: मॉडेलची उघडी फाईल, सर्व मूळ आकडेवारी आणि गृहीतकांची नोंदवही मंत्रालयाच्या मालकीची राहील आणि शेवटचा हप्ता ती मिळाल्यावरच दिला जाईल, असे त्यात लिहिले आहे का? नसेल तर बाकीचा मसुदा कितीही चांगला असो, सही करू नये.

मॉडेल, म्हणजे गणित मांडण्याचे संगणकीय साधन, कोणते असावे यावर फार वाद होतात, आणि माझ्या मते ते बरेचसे वायफळ असतात. स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटचे लीप शिकायला सोपे आहे आणि हिशेब पारदर्शक ठेवते. ओसेमोसिस मुक्त स्रोताचे आहे, त्याला परवान्याचा खर्च नाही, पण ते चालवायला थोडी अधिक तांत्रिक तयारी लागते. टाइम्स ताकदवान आहे, मात्र ते सांभाळणारी टोळी कायम हवी. ब्रिटनच्या ऊर्जा खात्याने २०१० मध्ये काढलेला २०५० कॅल्क्युलेटर खोल गणितासाठी नाही, पण मंत्र्यांसमोर बसून एकेक पर्याय सरकवून दाखवायला त्याच्यासारखे साधन नाही. निवडीची कसोटी एकच ठेवावी: सल्लागार विमानात बसल्यानंतर मागे राहणाऱ्या दोन माणसांना ते चालवता येईल का? येत नसेल तर कमी अचूक पण आपल्या हातातले साधन बरे.

दीर्घकालीन धोरण म्हणजे एनडीसीचा लांबवलेला तक्ता नव्हे. एनडीसीत आजपासून पुढे चालत जातात. दीर्घकालीन धोरणात २०५० च्या टोकाला उभे राहून मागे पाहायचे असते. आज मंजूर झालेले आणि २०३० मध्ये सुरू होणारे कोळशाचे वीज केंद्र चाळीस वर्षे चालेल असे धरले तर ते २०७० पर्यंत उभे राहते. २०३० चे लक्ष्य कदाचित त्यामुळे चुकणारही नाही, कारण त्या वर्षी ते नुकतेच सुरू झालेले असेल. पण २०५० ला निव्वळ शून्य, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण, गाठायचे असेल, तर ते केंद्र निम्मे आयुष्य शिल्लक असताना बंद करावे लागेल आणि त्याचे कर्ज कोणी फेडायचे हा प्रश्न उरेल. सिमेंटच्या भट्ट्या, इमारती, रेल्वे आणि महामार्ग यांचेही असेच आहे. धोरण जर ही बांधकामे मंजूर झाल्यावर आले तर ती वरातीमागून घोडे अशी गत होते, आणि बाहेरची मदत उशिरा मिळण्याचा खरा तोटा हाच आहे.

आता गृहीतकांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मदतीचा सर्वांत मोठा अपव्यय मी येथे पाहिला आहे. एका कार्यशाळेत सल्लागारांनी तीस वर्षांची आर्थिक वाढ दरसाल ७ टक्के धरली होती. वित्त मंत्रालयाचे अधिकारी उशिरा आले, मागच्या रांगेत बसले आणि चहाच्या आधी त्यांनी एवढेच विचारले की हा आकडा कोणाचा, कारण त्यांच्या मध्यम मुदतीच्या अंदाजपत्रकात ५ टक्के आहे. खोलीत शांतता पसरली. फरक दोन टक्क्यांचा वाटतो, पण ५ टक्क्यांनी अर्थव्यवस्था तीस वर्षांत सुमारे ४.३ पट होते आणि ७ टक्क्यांनी सुमारे ७.६ पट. म्हणजे विजेची मागणी, ट्रकांची संख्या, सिमेंटचे टन, सगळेच जवळपास पावणेदोनपट फुगलेले होते, आणि त्यावर काढलेला गुंतवणुकीचा आकडा कोणत्याच वित्तमंत्र्याने गंभीरपणे घेतला नसता. आठ महिन्यांचे काम परत करावे लागले. वाढीचा दर, लोकसंख्या आणि इंधनाच्या किमती या तीन गोष्टींवर वित्त, ऊर्जा आणि नियोजन या खात्यांची सही आधी घ्यावी आणि मगच मॉडेल उघडावे. यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही. खात्यांना एका टेबलाशी आणू शकेल असा वजनदार अधिकारी लागतो.

दोन दात्यांनी एकाच देशात दोन स्वतंत्र अभ्यासांना पैसा दिला की आणखी एक गोंधळ होतो. पशुधन मोठे असलेल्या एका देशात एकाच वर्षाच्या उत्सर्जनाचे दोन आकडे माझ्यासमोर आले आणि मंत्रालयात त्यावरून कुजबुज सुरू झाली की कोणीतरी आकडे लपवत आहे. कोणी काही लपवले नव्हते. एका अभ्यासाने मिथेनची तापमान वाढवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, हे प्रमाण आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञ मंडळाच्या दुसऱ्या मूल्यांकन अहवालाप्रमाणे २१ धरले होते आणि दुसऱ्याने पाचव्या अहवालाप्रमाणे २८. केवळ एवढ्याने मिथेनचा भार एक तृतीयांशाने वाढतो. पॅरिस कराराच्या अहवालांसाठी आता पाचव्या अहवालाची शंभर वर्षांची मूल्ये वापरायची आहेत, म्हणून जुने सर्व आकडे त्या मापावर आणून घेणे हे अगदी पहिल्या महिन्याचे काम आहे. एकाच अधिकाऱ्याकडे सर्व दात्यांचे अभ्यास येतील आणि त्याच्या संमतीशिवाय नवा आधारभूत आकडा जन्माला येणार नाही, अशी साधी व्यवस्था असती तर ती कुजबुज झालीच नसती.

मदत चांगली कशी दिसते, तर कोस्टा रिकाचे उदाहरण मी देतो. त्या देशाने फेब्रुवारी २०१९ मध्ये २०५० पर्यंतची कार्बनमुक्तीची राष्ट्रीय योजना जाहीर केली. त्यामागचे ऊर्जा आणि वाहतुकीचे मॉडेल ओसेमोसिसवर, कोस्टा रिका विद्यापीठातच बांधले गेले. पुढे इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या पाठबळाने विद्यापीठ आणि रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने योजनेची कसून परीक्षा घेतली: तेलाच्या किमती, तंत्रज्ञानाचा खर्च, वाढीचा दर बदलत गेला तर योजना कुठे मोडते, हे त्यांनी पाहिले. २०५० पर्यंतचा निव्वळ फायदा सुमारे ४१ अब्ज डॉलर निघाला, आणि त्यात वाहतुकीतील इंधनाची बचत, कमी अपघात आणि कोंडीत वाया न जाणारा वेळ यांचा वाटा मोठा होता. मला यात आकड्यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बाहेरच्या तज्ज्ञांना देशाने आधी ठरवलेल्या योजनेची परीक्षा घ्यायला बोलावले होते, योजना लिहायला नव्हे. आणि मॉडेल विद्यापीठात राहिले, जेथे मंत्री बदलले तरी प्राध्यापक आणि विद्यार्थी बदलत्या तुकड्यांनी ते चालवत राहतात. विद्यापीठाला भागीदार केल्याशिवाय मदत घेऊ नये, असे मी हल्ली जवळजवळ हट्टाने सांगतो.

लहान बेटांच्या देशांची गरज थोडी निराळी आहे. मार्शल आयलंड्सने २०१८ मध्येच आपले २०५० चे धोरण दिले आणि फिजीने त्यानंतर काही महिन्यांतच. फिजीच्या कामाला ग्लोबल ग्रीन ग्रोथ इन्स्टिट्यूटचे साहाय्य होते, आणि २०२१ च्या हवामान कायद्यात त्या देशाने २०५० चे निव्वळ शून्याचे उद्दिष्ट घातले. मार्शल आयलंड्ससारख्या देशाचे उत्सर्जन जगाच्या हिशेबात दिसतही नाही, पण डिझेलची आयात त्यांचे अंदाजपत्रक खाते आणि समुद्र त्यांची जमीन. म्हणून त्यांच्या धोरणात अनुकूलनाला, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याला, बरोबरीचे स्थान आहे. दात्यांचे ठरावीक साचे मात्र उत्सर्जन आणि अनुकूलन यांसाठी वेगळे अर्ज मागतात, आणि दोन कार्यालयांत फिरणारा अर्जदार बहुधा तोच एक अधिकारी असतो.

धोरण झाल्यावर अंमलबजावणीचा पैसा येईल, या आशेने अनेक देश ते लिहितात, आणि तिथे सावध राहावे लागते. सल्ला अनुदानात मिळतो, प्रत्यक्ष गुंतवणूक बहुतांशी कर्जात. दक्षिण आफ्रिकेसाठी २०२१ मध्ये ८.५ अब्ज डॉलरची न्याय्य ऊर्जा संक्रमण भागीदारी, म्हणजे कोळशापासून दूर जाण्यासाठी श्रीमंत देशांनी द्यायच्या पैशाचा करार, जाहीर झाली, तिच्या पहिल्या मांडणीत अनुदानाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास होता. पुढच्या वर्षी इंडोनेशियासाठी २० अब्ज आणि व्हिएतनामसाठी १५.५ अब्ज डॉलरच्या घोषणा झाल्या. मार्च २०२५ मध्ये अमेरिका या भागीदाऱ्यांतून बाहेर पडली. व्यापक चित्रही असेच आहे: २००९ मध्ये कोपनहेगनला २०२० साठी कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा पूर्ण झाले, आणि त्यातही सार्वजनिक पैशाचा मोठा भाग कर्जाचा होता. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. विकसनशील देशांनी त्याहून कितीतरी अधिक मागितले होते. यावरून मी असे मुळीच म्हणत नाही की मदत मागू नये. धोरणात बाहेरच्या पैशावर अवलंबून असलेली कामे आणि स्वतःच्या बळावर होणारी कामे वेगळी दाखवावीत, पहिल्या गटात अनुदान किती आणि कर्ज किती झेपेल ते स्पष्ट लिहावे, आणि वाटाघाटीत संकोच धरू नये. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नसतो.

मदत मागण्याचे पत्र कसे असावे, हेही विचारले आहे. "आम्हाला दीर्घकालीन धोरण तयार करण्यासाठी साहाय्य हवे" असे पत्र गेले की उत्तरादाखल दात्याच्या सोयीचे साहाय्य येते, म्हणजे त्याच्या पॅनेलवरचे सल्लागार, त्याचे मॉडेल आणि त्याच्या आर्थिक वर्षाला साजेसे वेळापत्रक. त्याऐवजी कोणते काम आम्ही स्वतः करणार, कोणते आम्हाला येत नाही, आणि कोणत्या निर्णयासाठी उत्तर हवे आहे, हे पत्रात असावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे: पुढच्या दोन वर्षांत वीज खरेदीचा मोठा करार होणार असेल किंवा बंदराचा विस्तार मंजूर व्हायचा असेल, तर तो निर्णय पत्रात नावानिशी लिहावा, म्हणजे अभ्यासाला तारीख मिळते. एका स्थानिक विश्लेषकाचा किमान तीन वर्षांचा पगार मागावा. दाते याला कुरकुरतात, कारण त्यांना वेतनापेक्षा कार्यशाळा दाखवणे सोपे जाते, पण आग्रह धरला तर बऱ्याचदा मान्य करतात. पाच वर्षांनी धोरण सुधारण्यासाठी लागणारी रक्कमही त्याच करारात घालून घ्यावी. पत्रावर पर्यावरण खात्याबरोबर वित्त खात्याची सही असेल तर देणाऱ्याचा सूरच बदलतो, हे मी दोन्ही बाजूंनी बसून पाहिले आहे.

आणि पत्राच्याही आधी एक काम आहे, त्याला कोणाचीच मदत लागत नाही. देशातील प्रत्येक वीज केंद्र, सिमेंटची भट्टी आणि रिफायनरी एका साध्या तक्त्यात लिहून काढावी. समोर ती सुरू झाल्याचे वर्ष, अपेक्षित आयुष्य, कर्ज फिटण्याचे वर्ष आणि २०५० मध्ये ती चालू असेल की नाही, एवढे चार रकाने. ऊर्जा आणि उद्योग खात्यांत फायली मिळाल्या तर दोन माणसांना यासाठी तीन आठवडे पुरतात. तक्त्याच्या तळाशी, अजून बांधली न गेलेली पण मंजुरीच्या वाटेवर असलेली कामे वेगळ्या रंगात लिहावीत. बाहेरच्या तज्ज्ञाशी पहिली बैठक होईल तेव्हा त्याच्यासमोर आधी तीच पाने ठेवावीत आणि त्याला त्या रंगीत ओळींविषयी बोलायला सांगावे.